गच्चीवरचे ऊन आणि घरचा हिशेब
(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी, जानेवारी 2026 मध्ये केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले आहे खरे, पण मी काही बोलणारी बाई नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आजवर या मंडळात मी लाडू वळले, रांगोळ्या काढल्या, सतरंज्या झटकल्या. व्यासपीठावर मात्र आजच चढते आहे. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या गच्चीवरच्या काचा बघायला रोज कोणी ना कोणी येते. तुम्ही प्रत्येकीला तेच तेच सांगत बसता. त्यापेक्षा एकदाच सगळ्यांना सांगा." ते मला पटले. म्हणून आमच्या घरी सूर्याची वीज कशी आली, त्यात काय साधले, काय फसले, ते जसे घडले तसे सांगते.

गोष्ट सुरू झाली 2024 च्या दिवाळीनंतर. केंद्र सरकारची घरावर सौर वीज बसवण्याची योजना त्याच वर्षी फेब्रुवारीत निघाली होती. अनुदान असे की एक किलोवॅटला 30,000 रुपये, दोन किलोवॅटला 60,000 आणि तीन किंवा जास्तीला 78,000. आमचे धाकटे भाऊजी एका माणसाला घेऊन घरी आले. तो म्हणाला, "वहिनी, तीन किलोवॅटच बसवा. अनुदान सगळ्यात जास्त मिळते, आणि बिल शून्य." भाऊजी म्हणाले, उरलेल्याचे कर्ज काढू. आमचे हे म्हणाले, बघू. आणि कपाटात माझ्या भिशीचे आणि शिवणकामाचे साठवलेले सत्तर हजार होते, ते थोरलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी. सगळ्यांचे डोळे त्या सत्तर हजारांवर.

मी विचारले, "आपल्याला तीन किलोवॅट लागते का?" तर भाऊजी हसून म्हणाले, "वहिनी, त्यातले तुम्हाला काय कळणार?" ते मनाने वाईट नाहीत, पण शब्द लागला. मी म्हटले, मला महिनाभर द्या.

बायांनो, किराणा भरताना आपण काय करतो? आधी डबे बघतो. तांदूळ किती उरला, महिन्याला किती लागतो, मग यादी. दुकानदार म्हणतो म्हणून कोणी तीन पोती तांदूळ घरात आणून टाकत नाही. विजेचेही तसेच. मी ट्रंकेतून वर्षभराची बिले काढली. बारा महिन्यांची युनिटे मांडली, तर बेरीज सतराशेच्या आसपास. म्हणजे महिन्याला साधारण 140. उन्हाळ्यात जास्त, पावसाळ्यात कमी.

युनिट म्हणजे काय, हे मलाही तेव्हाच कळले. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. हजार वॅटची इस्त्री तासभर फिरवली तर एक युनिट. नऊ वॅटचा दिवा मात्र शंभराच्या वर तास जळेल तेव्हा एक युनिट होते. तेव्हा पोरांनी दिवा चालू ठेवला म्हणून ओरडायचे आणि दोन हजार वॅटचा गीझर विसरून जायचे, हे माझेच अडाणीपण होते.

पण नुसते बिल पुरे नाही. बिलावर महिन्याची बेरीज असते, घरात वीज कोणत्या वेळी लागते ते त्यावर लिहिलेले नसते. ऊन तर दिवसाच असते. आणि ही जी बिनबॅटरीची पद्धत आहे, तिच्यात वीज साठत नाही. दूध निघाले की लगेच प्यायचे, विरजण लावायला भांडे नाही. आपण त्या क्षणी वापरली तर ती घरात राहते, नाही वापरली तर तारेवरून बाहेर जाते.

म्हणून मी मुलाच्या शाळेची एक जुनी वही घेतली. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला मीटरवरचा आकडा लिहायचा, असे पंधरा दिवस केले. सासूबाई विचारत, "काय ग, रोज त्या डबीला नमस्कार करतेस काय?" पंधरा दिवसांनी हिशेब निघाला. रोजची सरासरी 4.7 युनिटे. त्यातली दिवसा फक्त दोन, आणि पावणेतीनाच्या आसपास संध्याकाळी, रात्री नि पहाटे. म्हणजे ऊन असताना आमचे घर जवळजवळ रिकामेच होते.

मग बघितले, रात्रीचे कोणते काम दिवसा आणता येईल. पाण्याची मोटर आम्ही पहाटे सहाला लावत होतो. का, तर सासरे लावत असत म्हणून. टाकी अकराला भरली तरी चालते. धुण्याचे यंत्र रात्री जेवणानंतर लागायचे, ते सकाळी दहाला. इस्त्री रात्री नऊला व्हायची, ती बाराला. घरघंटी दुपारी. मुलांची आणि यांची आंघोळ सकाळीच होणार, ती काही उन्हाची वाट बघणार नाही. पण माझी आणि सासूबाईंची अकराला होऊ शकते. असे सगळे फिरवून पुन्हा आठ दिवस आकडे लिहिले. दिवसाचा वापर दोनावरून तीन युनिटांवर आला. अजून गच्चीवर काहीही बसले नव्हते, एक पैसा खर्च झाला नव्हता.

आता आपल्याकडे एक किलोवॅटच्या पाट्यांपासून वर्षाची सरासरी धरली तर रोज चार युनिटांच्या आसपास वीज मिळते. म्हणजे एक किलोवॅटमध्ये आमची दिवसाची तीन युनिटे भागतात आणि एखादे बाहेर जाते. तीन किलोवॅट बसवले असते तर रोजची बारा युनिटे झाली असती, आणि आमचे पोटच पावणेपाचाचे!

तो माणूस म्हणाला, "उरलेली वीज विकता येते की." ते मी समजून घेतले. नेट मीटर नावाचा मीटर बसतो. तो आलेली वीज वेगळी मोजतो आणि गेलेली वेगळी. गेलेली आलेलीतून वळती करतात. जास्त गेली तर ती पुढच्या महिन्यात जमा. पण 31 मार्चला वर्षाचा हिशेब मिटतो, आणि तेव्हा उरलेली जी वीज असेल तिला आपण घेतो त्या भावाने पैसे मिळत नाहीत, बरेच कमी मिळतात. शिवाय हे दर आणि वळते करण्याचे नियम वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते वेळोवेळी बदलतात. घरात वापरलेले युनिट आपल्या हातातले. बाहेर गेलेले युनिट दुसऱ्याच्या नियमातले. म्हणून मी ठरवले की आपल्या गरजेपुरते घ्यायचे, विकण्यासाठी कर्ज काढायचे नाही.

वही यांच्यापुढे ठेवली. यांनी दोनदा वाचली. मग भाऊजींना बोलावून म्हणाले, "एक किलोवॅट. हिचा हिशेब बरोबर आहे." भाऊजींनीही आकडे बघितले आणि गप्प राहिले. नंतर पुढच्या सगळ्या खटपटीत तेच माझ्या बरोबर धावले, हेही सांगितले पाहिजे.

आता जागेचे. दोन पाट्या बसवायच्या होत्या, प्रत्येकी 540 वॅटच्या. एक पाटी साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असते. मधली वाट, कडेची जागा धरून किलोवॅटला शंभर चौरस फूट मोकळी गच्ची लागते असे समजा. पाट्यांचे तोंड दक्षिणेला आणि उतार साधारण आपल्या अक्षांशाइतका, म्हणजे आपल्या वाईला अठरा अंश.

पण खरी गोष्ट सावलीची. पाट्या एकमेकींना माळेसारख्या जोडलेल्या असतात. एकीच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळ्या माळेची वीज उतरू शकते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावल्या सगळ्यात लांब पडतात, म्हणून मी त्याच दिवसांत गच्चीवर गेले. सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि तीनला खडूने सावल्यांच्या कडा आखल्या. आमची टाकी, शेजारचा जिना आणि नारळ, तिघांच्या सावल्या उमटल्या. आधी जी जागा सुचवली होती तिच्यावर तीन वाजता टाकीची सावली येत होती. ती जागा सोडून सहा फूट पूर्वेला सरकलो. खडूची किंमत दोन रुपये.

आणि बायांनो, वाळवण! पाट्या खाली बसवल्या तर पापड, कुरडया, सांडगे कुठे घालायचे? हा प्रश्न विचारल्यावर तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. त्यालाच काय, घरातही कोणाला सुचला नव्हता. पाट्यांच्या खाली सावली राहणार, तिथे वाळवण होणार नाही. म्हणून दक्षिणेची आठ फूट पट्टी मोकळी सोडून घेतली. सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा घ्यावा, वळवाचे वारे सोसेल इतका पक्का असावा, आणि पाय रोवताना स्लॅबला भोके पाडू देऊ नयेत. वर सिमेंटचे ठोकळे बांधून त्यात पाय धरावेत, नाहीतर वीज वरून येईल आणि पाणीही. अर्थिंग आणि वीज पडली तर ती जमिनीत नेणारा गज यांत काटकसर करू नये.

कागदपत्रांत आम्ही अडलो. बिल अजून सासऱ्यांच्या नावावर होते, आणि ते जाऊन नऊ वर्षे झाली. अर्जदार आणि बिल एकाच नावाचे लागते. आधी नाव बदलून घ्या, मग अर्ज, त्यात आमचा दीड महिना गेला. तेव्हा घरी गेल्यावर आपापले बिल काढून वरचे नाव वाचा. अनुदान हवे असेल तर पाट्या भारतात बनलेल्या, आणि त्यांतल्या सौर घटांसकट भारतीय असाव्या लागतात. तसे पावतीवर लिहून घ्या. आणि अनुदान मागाहून बँकेत जमा होते. सुरुवातीला पूर्ण रक्कम आपल्यालाच भरावी लागते.

आमचा खर्च सगळा मिळून 68,000 आला. माझ्या साठवणीतलेच पैसे भरले, थोरलीच्या समोर, तिला विचारून. अनुदानाचे 30,000 आले ते त्याच दिवशी तिच्या नावाने परत ठेवले. उरलेले 38,000 दर महिन्याला बिलात वाचतील तसे मी पुन्हा भरते आहे.

मार्च 2025 मध्ये पाट्या चढल्या, पण नेट मीटर बसेपर्यंत आम्ही त्या चालू केल्या नाहीत. हे लक्षात ठेवा. साधा मीटर असताना यंत्र चालू केले तर बाहेर गेलेली वीजसुद्धा काही मीटर आपल्याच खर्चात मोजतात. म्हणजे आपणच द्यायचे आणि आपणच पैसे भरायचे.

आता फसले ते सांगते. मे महिन्यात वळीव झाला, झाडे पडली, तारा तुटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लखख ऊन. मी सगळ्या आळीला सांगून ठेवले होते, "लाइट गेले तर आमच्याकडे या, आमचे सूर्यावर चालते." शेजारच्या काकू मोबाइल घेऊन आल्या, एक जाऊबाई मिक्सरचे भांडे घेऊन आल्या. आणि आमच्या घरात पंखासुद्धा फिरेना! गच्चीवर ऊन मावत नाही आणि खाली काळोख. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. काकू काही बोलल्या नाहीत, पण माझ्या मनात आले, सत्तर हजारांचे वाटोळे केले.

मी रागाने यंत्र बसवणाऱ्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, बिघाड नाही. तारेतली वीज गेली की हे यंत्र आपणहून बंद होते. तसेच करावे लागते. नाहीतर तुमच्या गच्चीवरची वीज उलटी तारेत जाईल, आणि खांबावर चढलेला माणूस..."

पुढचे त्याला बोलावे लागले नाही. मैत्रिणींनो, माझे वडील विद्युत मंडळात लाइनमन होते. आमच्या लहानपणी वादळ झाले की आबा पायांत रबरी बूट घालून निघायचे. आई दारात उभी राहायची. तेव्हा फोन नव्हता. समोरच्या घरातला दिवा लागला की काम झाले हे कळायचे, पण आबा खांबावरून उतरले का, हे ते सायकल टेकवेपर्यंत कळायचे नाही. तोवर आई जेवत नसे. ते सगळे एका क्षणात डोळ्यांसमोर आले. त्या दिवशी आमच्या आळीच्या टोकाला कोणा आईचा मुलगा खांबावर चढलेला होता. मी फोन ठेवला, चहा केला, आणि काकूंना सांगितले, "आपले यंत्र बरोबर वागते आहे. चुकीचे मी सांगितले होते."

म्हणून आज इथे सगळ्यांसमोर स्पष्ट सांगते. बिनबॅटरीची सौर वीज बिल कमी करते. अंधार घालवत नाही. लाइट गेले की तीही जाते. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, ज्यांना खंड चालणारच नाही, त्यांनी त्याची वेगळी सोय करावी. दोन दिवे आणि एक पंखा चालेल असा लहान इन्व्हर्टर पुरतो. बॅटरी महाग पडते, काही वर्षांनी बदलावी लागते. आमच्याकडे वीज सहसा तासाभरात येते, म्हणून आम्ही दोन चार्जिंगचे कंदील ठेवले आणि बॅटरी घेतली नाही. तुमच्या घराची गरज तुम्ही ठरवा. पण विकणाऱ्याला हा प्रश्न आधी विचारा. मी विचारला नव्हता.

आता रोजचे वापरणे. भर दुपारी आमच्या दोन पाट्या साधारण साडेसातशे ते आठशे वॅट देतात. तेव्हा मोटर, इस्त्री, घरघंटी एकदम लावली तर उरलेली वीज तारेतूनच ओढली जाते. एका शेगडीवर एक भांडे उतरवून दुसरे चढवतो तसे एकामागून एक करावे. दहाला धुणे, अकराला मोटर, बाराला इस्त्री, एकला दळण. गीझर एकटाच पाट्यांच्या दुपटीहून जास्त ओढतो. त्याचे पाणी उन्हाच्या जोरावर सगळे तापत नाही, निम्म्याहून कमी तापते एवढेच.

पाट्यांना ऊन हवे, तापणे नको. मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी पाट्या तापतात आणि थोडी वीज घटते. उलट पावसानंतरच्या स्वच्छ, गार हवेत त्या चांगल्या चालतात. पंधरा दिवसांनी एकदा पहाटे साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसाव्यात. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये, साबण नको, घासणी नको. आणि पाटीवर पाय देऊन चढायचे नाही, पतंग काढायलासुद्धा नाही.

आमच्या वहीतले आकडे सांगते. एप्रिल 2025 मध्ये पाट्यांनी 138 युनिटे दिली. त्यातली 41 बाहेर गेली, 97 घरात वापरली. तारेतून 62 आली. बासष्टातून एक्केचाळीस वजा, बिल आले 21 युनिटांचे. जुलैत ढगांमुळे पाट्यांची 77 च झाली, तेव्हा बिल 46 युनिटांचे. बिल शून्य झाले नाही. स्थिर आकार द्यावाच लागतो. पण पूर्वी महिन्याला तेराशेच्या आसपास यायचे, ते आता तीनशे ते पाचशेत बसते. या चालीने घरचे 38,000 साडेतीन-चार वर्षांत फिटतील, आणि पाट्यांची हमी पंचवीस वर्षांची आहे.

सगळ्या जणींनी एकच किलोवॅट घ्यावे असे माझे म्हणणे नाही. कोणाचे घर मोठे, कोणाकडे विजेची शेगडी, कोणाकडे विजेवरची गाडी. त्यांना दोन लागतील, तीन लागतील. आम्हीही पुढे वाढवायला गच्चीवर दोन पाट्यांची जागा राखली आहे. ज्या दिवसभर कामावर असतात आणि घराला कुलूप असते, त्यांनी जास्तच विचार करावा. आणि ज्या सोसायटीत राहतात, त्यांची गच्ची सगळ्यांची असते, तेव्हा आधी सभेत विषय घ्यावा.

माझे एवढेच सांगणे की पहिला आकडा विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नका, आपल्या मीटरवर वाचा. घर दिवसा काय खाते आणि रात्री काय खाते, हे घरातल्या बाईइतके कोणाला ठाऊक असते? ते कागदावर मांडायला सातवी पुरते. ज्यांना हवी त्यांना माझी वही बघायला मिळेल. दुपारी दोननंतर या, म्हणजे दळणही झालेले असते.

थोरलीचा प्रवेश गेल्या वर्षीच झाला. सुट्टीत घरी आली की सकाळ-संध्याकाळचा मीटर आता तीच वाचते.

बोलण्यात काही चुकले-माकले असेल तर पोटात घाला. तिळगूळ घ्या, आणि जाताना आपापल्या घरचे बिल आठवणीने बघा.